केकवर जे ठेवाल ते खाता आलं पाहिजे

‘सजावट खायची नसते, पाहायची असते.’ नाताळच्या केकचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. बेकिंगचे वर्ग घेणाऱ्या ताई ते सांगतात, घरून ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणी सांगतात, आणि आता पाककृतींच्या सदरांतही ते नियमासारखं छापून येऊ लागलं आहे : केक कापण्याआधी वरचं काढून ठेवा, मग वाढा. त्यामागची मांडणी अशी की चव केकच्या आत असते. वरची सोनेरी पूड, चंदेरी मणी, तारेत ओवलेली फुलं, प्लास्टिकची हिरवी पानं हे सगळं फक्त नजरेसाठी असतं, त्याला अन्नाचे निकष लावायचेच नसतात. ही मांडणी मला मुळातून अमान्य आहे. जे अन्नावर ठेवलं जातं ते अन्नच असलं पाहिजे, आणि नुसतं पोटात गेलं तर चालेल इतपत नव्हे, तर मुद्दाम उचलून खावंसं वाटेल असं असलं पाहिजे. तसं करता येत नसेल तर केक उघडा राहू द्यावा.

‘काढून ठेवा’ ही सूचना कुणासाठी आहे, हे आधी पाहू. केक घरातून निघतो तेव्हा सूचना घरातच राहते. तो खोक्यातून शेजारी जातो, ऑफिसात जातो, शाळेच्या डब्यात जातो. तिथे सुरी कुणाच्या तरी तिसऱ्याच्याच हातात असते. आणि वरचा चकाकणारा मणी सगळ्यांत आधी कोण उचलतं? घरातलं सगळ्यांत लहान मूल. ज्याला वाचता येत नाही, ज्याला सूचना कळत नाही, त्याच्याच तोंडात ती ‘पाहायची’ वस्तू पहिल्यांदा जाते. पुडीचं तर काढून ठेवणंच अशक्य असतं. ब्रशने क्रीमवर लावलेली सोनेरी पूड तासाभरात क्रीमचाच भाग होते. ती काढायची तर क्रीमच खरवडून टाकावं लागेल.

हा तर्कापुरता धोका नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ साली एका वाढदिवसाच्या मेजवानीत बेकरीतून आणलेला केक खाऊन एक ते अकरा वर्षांची सहा मुलं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. केकवर ‘रोझ गोल्ड’ रंगाच्या पुडीचा जाड थर होता. तपासणीत ती पूड मुख्यत्वे तांब्याची निघाली. पुढल्याच वर्षी मिसूरी राज्यात एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं. शोध घेत अधिकारी वाढदिवसाच्या केकपर्यंत पोचले. त्या केकसाठी वापरलेल्या ‘प्रिमरोझ’ नावाच्या पुडीत पाव हिस्सा शिसं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये या दोन्ही घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला. शंभरात पंचवीस भाग शिसं, आणि तेही वर्षाच्या बाळाच्या केकवर. हे वाचल्यावर ‘पाहायची असते’ या वाक्याचा बचाव कसा करता येतो, हे मला समजत नाही.

यावर लगेच उत्तर येतं : आम्ही डबी बघून घेतो, त्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. हा गैरसमज इतका पक्का बसला आहे की त्यावर थांबून बोलायला हवं. मुलांच्या रंगपेट्यांवरही तोच शब्द असतो. म्हणून त्यातला निळा रंग आपण खिरीत घालत नाही. हस्तकलेच्या सामानावरच्या या शब्दाचा अर्थ इतकाच की नेहमीच्या वापरात, म्हणजे कागदावर, कापडावर, मातीच्या भांड्यावर, हे वापरणाऱ्याला अपाय करणार नाही. ते खाण्यासाठी तयार झालेलं आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस घरगुती आणि व्यावसायिक बेकरांना हेच बजावलं : डबीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ किंवा ‘फक्त सजावटीसाठी’ असेल आणि घटकांची यादी नसेल, तर ती वस्तू खाद्यपदार्थावर वापरू नका.

आपल्याकडेही कसोटी वेगळी नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात पदार्थ बनवताना त्यात वापरलेली प्रत्येक गोष्ट ‘अन्न’ या व्याख्येत येते. त्यामुळे डबी हातात घेतली की तीन गोष्टी शोधायच्या : घटकांची यादी, रंगांचे आयएनएस क्रमांक (अन्नातल्या मिश्रकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक. केकच्या सामानाच्या दुकानात खाण्याच्या रंगांच्या फडताळावरच नुसत्या सजावटीची पूडही मांडलेली असते. दुकानदार दोन्हीला एकाच नावाने हाक मारतो. यादी नसेल तर डबी परत ठेवायची, मग रंग कितीही देखणा असो.

‘पूर्वी हे प्रश्न नव्हते, आताच्या लोकांना सगळ्यातच विष दिसतं,’ असंही ऐकलं आहे. उलट आहे. १८५० च्या दशकात लंडनमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने बाजारातली रंगीत मिठाई सूक्ष्मदर्शकाखाली आणि रसायनांनी तपासली आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. पिवळ्या मिठाईत शिशाचा क्रोमेट, लाल मिठाईत शेंदूर आणि हिंगूळ, हिरव्यात तांबं आणि सोमल. त्या खळबळीनंतर १८६० मध्ये ब्रिटनला भेसळविरोधी कायदा करावा लागला. नाताळचा केक ज्या देशातून आपल्याकडे आला, त्या देशाने शोभेच्या रंगांची किंमत मुलांच्या आजारपणात मोजली आणि मग नियम केले. त्यांचा केक घ्यायचा आणि त्यांना महागात पडलेला धडा सोडून द्यायचा, हे शहाणपणाचं नाही.

फुलांचंही तेच. हल्ली केकवर खरी फुलं खोचण्याची पद्धत आली आहे आणि ‘नैसर्गिक आहे ना’ म्हणून कुणी शंका घेत नाही. मावळातल्या पॉलिहाउसमधला गुलाब फुलदाणीसाठी वाढवलेला असतो. त्याच्यावरच्या फवारण्या खाण्याच्या पिकाच्या हिशेबाने होत नाहीत. जिप्सोफिलाचे नाजूक पांढरे तुरे केकवर सुंदर दिसतात, पण त्या झाडात सॅपोनिन असतं आणि ते पोटाला त्रास देतं. इंग्रजी नाताळाचं चिन्ह असलेल्या हॉलीची लाल फळंही खाण्याची नाहीत, खाल्ली तर उलट्या होतात. आपल्याकडे त्याच हॉलीची प्लास्टिकची नक्कल केकवर खोचतात. म्हणजे जे मुळात खाता येत नव्हतं त्याची न खाता येणारी प्रतिकृती. यात सण कुठे आला?

आता एक आक्षेप असा आहे की तो मी गंभीरपणे घेते. काहीजण म्हणतात, आपल्या परंपरेतही शोभेसाठी म्हणून खाण्याच्या वस्तू आहेतच की. मिठाईवर चांदीचा वर्ख लावतो, त्याला कुठे चव असते? संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतो, ते कुठे खातो?

वर्खाला चव नसते, हे खरं. पण त्याचं काय केलं गेलं ते पाहा. २०१६ मध्ये एफएसएसएआयने वर्खासाठी मानक ठरवलं : चांदी ९९९ शुद्धतेची हवी, आणि तो बनवताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही, कारण तो पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पानांत ठेवून कुटत. निव्वळ दिसण्यासाठी असलेल्या धातूच्या पापुद्र्यालाही आपण अन्नाचेच निकष लावले. वर्खाऐवजी ॲल्युमिनियम निघालं तर ती भेसळ ठरते. ‘पाहायचाच तर आहे’ असं तिथे कुणी म्हणत नाही. वर्खाचं उदाहरण माझ्याच बाजूने उभं राहतं.

हलव्याचं तर आणखीच. काटेरी हलवा करणं हे हाताचं, धीराचं काम आहे. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, तीळ, साबुदाणा किंवा बडीशेप, आणि वरून एकतारी पाकाचे चार थेंब. बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुन्हा चार थेंब. घाई केली, पाक जास्त पडला, की दाणे एकमेकांना चिकटतात आणि काटा येत नाही. हवा थंड आणि कोरडी असेल तर काटा टोकदार येतो. असा तासन् तास बसून केलेला हलवा दोऱ्यात ओवून नव्या सुनेच्या, बाळाच्या अंगावर चढवायचे. तो उतरवल्यावर घरात खाल्ला जायचा. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा ओततात, आणि भोवतालची पोरं तो खाली पडायच्या आत लुटून तोंडात टाकतात. शोभा आणि खाऊ यांत तिथे फरकच नव्हता. हलव्याचे दागिने खायचे नाहीत, ही समजूत अलीकडची आहे. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले, मण्यांनी आणि जरीने मढवलेले तयार दागिने बाजारात आले, तेव्हापासून ती रुजली. ते खरंच खाता येत नाहीत. पण तो परंपरेचा दाखला नाही. परंपरेतली कला कशी हरवली, त्याचा तो दाखला आहे.

मराठी स्वयंपाकघरात वरून पेरायचं सगळंच खायचं असतं. पोह्यांवरचं खोबरं-कोथिंबीर, ढोकळ्यावरची फोडणी, श्रीखंडावरची चारोळी, कोजागिरीच्या दुधावर तरंगणारं केशर आणि पिस्त्याचे काप. केशराची काडी दुधात असताना तिच्याभोवती पिवळा रंग पसरतो, तोच आपल्याला आत काय आहे ते सांगतो. चारोळी दाताखाली आल्यावर श्रीखंडाच्या मऊपणाला जरा अडसर होतो आणि पुढचा घास जास्त लागतो. वरचं हे आतल्याचं काम पुढे नेतं. मला सजावट हवी आहे ती अशी.

मग बाजारात मिळणारी, खरोखर खाण्याची सजावट? तुटीफ्रुटी आहे, लाल चेरी आहेत. त्यांना मी विष म्हणणार नाही, त्या कायद्यात बसतात. तुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे, उकडून, पाकात मुरवून, रंगवून. आणि बेकरीतल्या पुष्कळशा ‘चेरी’ या चेरी नसतातच. ती आपली करवंदं असतात. बिया काढून, खारवून, एरिथ्रोसिन नावाच्या रंगाने लाल करून पाकात टाकलेली. हा रंग आंबट फळात घट्ट बसतो, क्रीममध्ये उतरत नाही, म्हणून बेकऱ्यांना तो सोयीचा. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये अन्नातली त्याची परवानगी काढून घेतली आणि उत्पादकांना २०२७ पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे तो परवानगीच्या आठ कृत्रिम रंगांपैकी एक आहे. पण माझी तक्रार रंगाच्या आधी चवीची आहे. पपईची चव गेलेली, करवंदाची गेलेली, उरली ती साखर. सह्याद्रीतल्या करवंदाइतकं आंबटगोड, चीक असलेलं, आगळं फळ घ्यायचं आणि त्याचं सगळं स्वत्व काढून त्याला परदेशी फळाचं नाव द्यायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच ‘हे घरी कोण करत बसणार’ या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण खरी मेख तिथे आहे. आणि त्यासाठी उदाहरण घेते संत्र्याच्या सालीचं.

नाताळच्या फळांच्या केकची ओळख म्हणजे पाकवलेली संत्र्याची साल. विदर्भात ती वेगळी आणायला नको. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात नागपूरच्या कळमना बाजारात ढिगांनी येतात, रस काढला जातो आणि साल फेकली जाते. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ, आणि त्याचा सगळ्यांत सुगंधी भाग आपण कचऱ्यात टाकतो. सालीचा नारिंगी थर तेलाच्या बारीक पिशव्यांनी भरलेला असतो. त्याखालचा पांढरा थर कडू आणि मऊ. युरोपात पाकवण्यासाठी जी जाड सालीची संत्री वापरतात, त्यांत हा पांढरा थर जाड असतो, म्हणून साल तीन-चारदा उकळून पाणी टाकावं लागतं. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल. तिला दोनदा उकळणं पुरतं. आपल्या फळात हे काम सोपं आहे, पण पुस्तकं तिकडची वाचून आपण ते अवघड समजतो.

आधी संत्री कोमट पाण्यात घासून धुवावीत, कारण पॅकहाउसमध्ये फळांवर मेणाचा थर देतात. साल सुरीच्या पातीएवढ्या पट्ट्यांत कापून दोनदा उकळायची, दोन्ही वेळा पाणी ओतून द्यायचं. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि तितकंच पाणी घेऊन मंद आचेवर ठेवायचं. इथे घाई करायची नाही, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीलाच घट्ट पाक केला तर सालीतलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, साखर आत शिरायला वेळ मिळत नाही आणि पट्टी आक्रसून चिवट होते. पातळ पाकात हळूहळू शिजवलं की पाणी बाहेर आणि साखर आत ही देवाणघेवाण सावकाश होते, आणि पट्टी काचेसारखी पारदर्शक होते. रात्रभर पाकातच राहू द्यावी, सकाळी पुन्हा एक उकळी आणावी, जाळीवर निथळून दिवसभर वाळू द्यावी, मग पिठीसाखरेत घोळवावी. घट्ट झाकणाच्या बरणीत ती महिनोन् महिने टिकते, कारण इतक्या साखरेत जंतूंना लागणारं पाणी उरतच नाही. आच लावून ठेवलेला तास-दीड तास सोडला तर बाकी वेळ साल आपली आपण मुरत असते. आपण घरातली इतर कामं करत असतो.

आणि उरलेला पाक! त्याला संत्र्याचा असा गंध असतो की तोच दुसरा पदार्थ होतो. काही ख्रिस्ती घरांत नाताळला बिनदारूची आल्याची वाइन करतात : आलं, दालचिनी, लवंग, लिंबू, साखर. त्यातल्या साखरेऐवजी हा पाक घालावा आणि पेल्याच्या काठावर सालीचीच एक पट्टी अडकवावी. ताजी साल हाती असेल तर तिचा बोटभर तुकडा पेल्यावर धरून नारिंगी बाजू खाली करून पिळावा. तेलाचा फवारा पेयावर बसतो आणि घोट घेण्याआधी नाकाला संत्रं लागतं. चकत्या वाळवायच्या असतील तर मात्र नागपुरी संत्रं नको, सैल सालीमुळे फोडी सुटतात. जालन्याची मोसंबी घ्यावी, आडव्या पातळ चकत्या कराव्यात आणि मंद ओव्हनमध्ये किंवा डिसेंबरच्या उन्हात मलमलखाली वाळवाव्यात. गरम पेयात भिजली की ती चकती चावून खाता येते. हॉट चॉकलेटवर आलेपाकाचे बारीक तुकडे पेरून पाहा. आलेपाक आपल्या घराघरांत होतो, तो या कपावर जितका शोभतो तितकं कुठलंही आयात केलेलं रंगीत दाणेदार मिश्रण शोभत नाही.

केकवर फूलच हवं असेल तर अंगणातला, फवारणी न झालेला देशी गुलाब घ्यावा. बाभळीचा डिंक गुलाबपाण्यात विरघळवून पाकळ्यांना दोन्ही बाजूंनी पातळ हात द्यावा, बारीक साखर भुरभुरावी, सावलीत वाळू द्याव्यात. कुरकुरीत होतात आणि गुलकंदाची आठवण देतात.

दुसऱ्या टोकाला आणखी काही लोक आहेत, ज्यांना सजावटच नको आहे. केक साधा खा, म्हणतात. त्यांच्याशी माझं अर्ध्यावर जमतं. गोव्यातल्या बेबिंकावर कुणी काही ठेवत नाही. एकेक थर वरून निखाऱ्याची आच देत भाजलेला असतो आणि कापल्यावर ते थरच दिसतात, तीच तिची शोभा. पण साधेपणाला नियम करून ते सणातलं कौतुकच काढून टाकायला निघतात, तिथे मी थांबते. कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला, हे खाणाऱ्याला दिसलं पाहिजे. ते दिसण्याला मी दिखावा म्हणत नाही.

राहिला व्यवहार. घरून केक विकणाऱ्या बायकांवर या लेखाने ओझं टाकू नये, असं मला वाटतं. नाताळच्या आठवड्यात त्या पहाटेपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात, नफ्याची रेघ बारीक असते, आणि सोनेरी केक मागतो तो गिऱ्हाईकच. म्हणून पहिली जबाबदारी मागणाऱ्याची. ऑर्डर देताना ‘वरचं सगळं खाता येईल ना? पूड कुठली वापरता, डबीवर घटक लिहिलेत ना?’ हे विचारायचं आणि चकाकी नको असं सांगायचं. सालीच्या पट्ट्यांसाठी चार पैसे जास्त पडले तर ते द्यायचे. करणाऱ्यांनी साल नोव्हेंबरातच एकदम पाकवून बरण्या भरून ठेवावी, म्हणजे घाईच्या आठवड्यात ते काम उरत नाही. आणि ज्यांना केकवर लाल फळ हवंच आहे त्यांनी मे महिन्यात करवंदांचे दिवस असतानाच बिया काढून, बिनरंगाची करवंदं पाकात घालून ठेवावीत. स्वतःच्या रसाने ती गडद वाइनसारखी लाल होतात, आणि डिसेंबरात केकवर ठेवली की लोक ती बाजूला काढत नाहीत, आणखी मागतात.